मंदाताईंनी परत पाठवलेली चित्रं

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका मोठ्या संस्थेबरोबर माझी ऑनलाइन मीटिंग होती. स्क्रीनवर सहा चौकोन, आणि त्यातल्या एका चौकोनातल्या तरुण मुलीने विचारलं, "सर, तुमची प्रोसेस काय असते?" मी घसा साफ केला आणि दहा मिनिटं बोललो. लोकांमध्ये जाणं, त्यांचं ऐकणं, चित्र त्यांच्यासमोर ठेवून तपासणं, चुकलं तर फाडून पुन्हा करणं. बोलता बोलता माझा मीच माझ्यावर खूश होत गेलो. मीटिंग संपली, लॅपटॉप मिटला आणि एकदम ओशाळल्यासारखं झालं. माझी प्रोसेस म्हणून मी जे जे सांगितलं होतं ते सगळं मंदाताईंचं होतं. माझी स्वतःची म्हणाल तर चहा पिणे आणि अक्षरं बारीक करत नेणे, एवढीच आहे.

मंदाताईंना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्या मीटिंगमध्ये मी त्यांचं नाव घेतलं नाही. त्याची लाज वाटली म्हणून हे लिहायला बसलो.

मी नगरला सावेडीत एका खोलीत ऑफिस थाटून ग्राफिक डिझाइनची कामं करतो. सेवाभावी संस्था, पंचायत समित्या, आरोग्य खातं यांची पोस्टरं, घडीपत्रिका, वार्षिक अहवाल. नोकरी कुणाचीच नाही, बोलावतील त्यांचं काम. माझ्या व्हिजिटिंग कार्डवर मी 'सोशल कम्युनिकेशन डिझायनर' असं छापून घेतलं होतं, तेही इतक्या फिक्या आणि बारीक अक्षरात की मावसभावाने कार्ड उलटसुलट करून विचारलं, छापायचं राहिलंय का. आई शेजारणींना सांगते, "बॅनरचं काम करतो." मी तिला पुष्कळ वर्षं समजावलं, आता सोडून दिलं आहे.

मंदाताई पाथर्डीच्या एका लहान संस्थेत आरोग्याचं काम करायच्या. शिक्षण सातवी. संस्थेत येण्याआधी चौदा वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, काटक, पदर कमरेला घट्ट खोचलेला, खांद्याला नायलॉनची पिशवी आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्या एसटीने येऊन, दोन जिने चढून, पाणीसुद्धा न मागता. त्यांच्या संस्थेसाठी मी पिण्याच्या पाण्याचं पोस्टर केलं होतं आणि ते त्यांनी बघून यावं असं संस्था चालवणाऱ्या त्यांच्या सरांनी सांगितलं होतं.

पोस्टर माझ्या मते अप्रतिम होतं. सगळा कागद पांढरा. उजव्या कोपऱ्यात खाली एक निळा थेंब आणि त्याच्या शेजारी एका ओळीत, पाणी उकळून गाळून प्या. मंदाताईंनी चष्मा काढला, दारापर्यंत मागे गेल्या आणि डोळे बारीक करून तिथून बघितलं. मग विचारलं, "सर, हे लावायचं कुठं?"

मी म्हणालो, भिंतीवर.

"कोनच्या?"

मला कोणतीच भिंत माहीत नव्हती, म्हणून मी मोकळ्या जागेविषयी बोलू लागलो. मोकळ्या जागेने डोळ्यांना विश्रांती मिळते वगैरे. त्यांनी अगदी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. "आमच्याकडं डोळ्याला विश्रांतीच हाय सर," त्या म्हणाल्या. "निस्तं माळरान."

तरीही पोस्टर तसंच छापलं गेलं, कारण त्यांच्या सरांना ते आवडलं होतं. आठ दिवसांनी मंदाताईंचा फोन आला की लोक तुमच्या पोस्टरपाशी गर्दी करतायत, येऊन बघा. मी इस्त्रीचा शर्ट घालून, कॅमेरा घेऊन गेलो. पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर माझं पोस्टर होतं आणि त्याच्या पांढऱ्या भागावर अख्ख्या गावाने लिहून ठेवलं होतं. टँकरवाल्याचा मोबाईल नंबर, मिरची कांडून मिळेल, एक शेळी हरवली आहे, शिंग मोडकं. थेंबाला कुणीतरी डोळे आणि मिशा काढल्या होत्या. माझा चेहरा पडला. मंदाताई मात्र तिथे उभ्या राहून कोण काय वाचतंय ते निरखत होत्या. लोक खरोखरच येत होते, टँकरचा नंबर उतरवून घेत होते आणि जाता जाता थेंबाच्या मिशांना हसत होते.

पुढचं पोस्टर आम्ही पत्र्यावर रंगवून घेतलं. वरच्या अर्ध्या भागात पाण्याची माहिती आणि खालचा अर्धा भाग पाटीसारखा काळा, वर फक्त एवढंच, 'टँकर आज किती वाजता'. गिरणीवाला रोज सकाळी खडूने वेळ लिहायचा. दोन हंडे घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईची नजर तिथे जायचीच. माझ्या हातून झालेल्या कामांत सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं काम ते, आणि त्यात मी काढलेलं असं जवळजवळ काही नाही.

त्यानंतर मंदाताईंच्या पसंतीशिवाय काही छापायचं नाही असं ठरलं. त्यांची पद्धत अशी. कच्चा कागद पिशवीत घालून एखाद्या वस्तीवर जायचं, बाजरी निवडत बसलेल्या एखाद्या आजीसमोर तो ठेवायचा आणि गप्प बसायचं. हे काय आहे, कशाचं आहे, काही सांगायचं नाही. आजी आपणहून बोलेपर्यंत थांबायचं. मंदाताई तेवढ्यात पिशवीतून शेंगा काढून सोलत बसायच्या. मला हे गप्प बसणं जमायचं नाही. पहिल्याच वेळी जुलाबावरच्या माझ्या पत्रिकेकडे, त्यातल्या पोट धरून वाकलेल्या पोराकडे, एका आजींनी बराच वेळ बघितलं आणि त्या कौतुकाने म्हणाल्या, पोरगं चांगलं नाचतंय. मी तोंड उघडणार तोच मंदाताईंनी माझ्या पायावर पाय दिला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुमी काय परत्येक कागदापाशी उभं ऱ्हानार हाय का सांगायला?" हे वाक्य मी पुढच्या पाच वर्षांत निदान पन्नास वेळा ऐकलं.

कागद हातात आला की तो आधी उलटा करून मागे काय आहे ते त्या बघायच्या. मागे कोरं असलं तर त्यांना ते पटायचं नाही. शाळेतली पोरं आमच्या पत्रिकांचं पुस्तकांना कव्हर घालतात हे त्यांना माहीत होतं. एक बाजू आत गेली तर दुसऱ्या बाजूला तरी काही दिसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. छान हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकला नाही. त्यांची सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे 'चालंल'. पाच वर्षांत मला तीनदा 'चालंल' मिळालं. भिंतीवर दोन पुरस्कारांची प्रमाणपत्रं आहेत, ती कशाबद्दल मिळाली ते मला वाचून बघावं लागतं, पण ही तीन 'चालंल' पाठ आहेत.

कार्डाचं काम निघालं ते त्यांच्याच डोक्यातून. पाथर्डीकडच्या कितीतरी बायका दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्यांबरोबर ऊसतोडीला दूरच्या जिल्ह्यांत जातात, त्यात गरोदर बायकाही असतात. त्यांचं तपासणीचं मोठं पुस्तक घरच्या पेटीत राहतं, आणि तिकडे दवाखान्यात गेलं की आधीचे कागद कुठे आहेत असा प्रश्न येतो. मंदाताईंना एक लहान, घडीचं, ब्लाउजात मावेल असं कार्ड हवं होतं. कितवा महिना, कोणती सुई झाली, रक्तगट कोणता, त्रासाच्या खुणांची चित्रं, गावाकडच्या नर्सबाईचा फोन. बाळंतपण झालं की त्याची नोंद करायला एक चौकट. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत, ही बाई कुठूनही आलेली असली तरी तिला दाखल करून घ्यावे, परत पाठवू नये.

ही ओळ त्यांना का हवी होती ते मला एकदा पाथर्डीहून नगरला येताना काळीपिवळी जीपमध्ये कळलं. मी नेहमीप्रमाणे कुरकुर करत होतो की एवढ्या ठळक अक्षरांनी कार्डाचा तोल जातो. मंदाताई शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मह्या पैल्या पोराचा जीव कागदापायी गेला," त्या म्हणाल्या. "कागद पेटीत हुते. मोठ्या दवाखान्यात न्या म्हनले, बैलगाडीतच झालं सगळं." एवढंच. मग उरलेल्या शेंगा त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या. घरी येऊन ती ओळ आणखी दोन मापं मोठी केली.

त्या ओळीला वजन यायचं तर खाली जिल्ह्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांची सही हवी होती. साहेब चांगले होते, पण त्यांच्या कार्यालयाला कार्डावर मान्यवरांचे फोटो हवे होते. यादी अकरा जणांची होती. तळहाताएवढ्या कार्डावर अकरा फोटो बसवले तर बाळंतिणीला जागाच उरत नव्हती. मी कलेचं स्वातंत्र्य या विषयावर बोलायला सुरुवात केली आणि साहेब घड्याळाकडे बघू लागले. मंदाताईंनी मला गप्प केलं. त्या म्हणाल्या की कार्ड मळतं, घामाने भिजतं, त्यावर मोठ्या माणसांचे फोटो बरे दिसणार नाहीत, आपण कार्डासाठी एक चांगलं जाड पाकीट करू आणि फोटो पाकिटावर घेऊ, तिथे ते मोठेही येतील. साहेबांना हे फारच पटलं. त्यांनी त्याच बैठकीत सही दिली. जिना उतरताना मी विचारलं, आणि पाकिटाचं काय होणार? मंदाताई म्हणाल्या, पाकीट घरी पेटीत ठेवतील, तिथे सुरक्षित राहील.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

कार्डाच्या तोंडावर एका बाईचं चित्र हवं होतं, वाचता न येणारीलाही हे आपलं आहे असं कळावं म्हणून. या वेळी इंटरनेटवरून उचललेलं चित्र नको, आपल्या मातीतली बाई काढायची असं मी ठरवलं. माझं आजोळ कोल्हारचं, प्रवरेच्या काठावरचं. सुट्ट्या तिथेच गेलेल्या. शेतकऱ्याघरची बाई म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर मामीच येते. मग मी मन लावून मामी काढली. डोक्यावर पदर, ठसठशीत कुंकू, कोपरापर्यंत बांगड्या, भरलेले गाल. ऊसतोडीचा संदर्भ यावा म्हणून तिच्यामागे उभा, हिरवागार ऊस दाखवला. तो ऊस रंगवायला मला अख्खा दिवस लागला. घाई होती, टोळ्या निघायला तीनच आठवडे होते. त्यामुळे मंदाताईंनी माझ्या ऑफिसातच बघून होकार दिला, आजीसमोर ठेवायला वेळ मिळाला नाही. पाचशे कार्डं छापली.

दहा-बारा दिवसांनी मंदाताई न कळवता आल्या आणि त्यांनी नायलॉनची पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. बहुतेक सगळी कार्डं परत आली होती. बायकांनी ती नीट हाताळली होती, कुठे डाग नव्हता की दुमड नव्हती. चुकून आपल्याकडे आलं म्हणून सभ्यपणे परत केली होती.

मंदाताईंनी मामीच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, ही कोण. मी सांगितलं, कोल्हारची माझी मामी.

"आस्सं," त्या म्हणाल्या. "कांता म्हनली, आत्या, ह्या बाईच्या फडात आमी ऊस तोडतो. तिचा कागद आपल्याकडं कशाला?"

कांता त्यांच्या भावाची सून. एकोणीस वर्षांची, पहिलंच बाळंतपण, सातवा महिना. तिचा नवरा टोळीत होता, तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, ती मागे राहिली तर जोडी मोडत होती, म्हणून तीही निघाली होती. मंदाताईंनी तिला थांबवायचा प्रयत्न केला होता, ते जमलं नव्हतं. आता त्यांच्या हातात देण्यासारखं हे कार्डच होतं. आणि ते माझ्या मामीमुळे परत आलं होतं. उभ्या उसापुढे बांगड्या भरून उभी असते ती मालकीण, तोडणारी नाही, हे तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला पदवी आणि दोन पुरस्कार असून कळलं नव्हतं. कुठेतरी तोंड लपवावं असं वाटलं.

मंदाताई रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. पण त्या खुर्चीवर टेकून म्हणाल्या, "चूक मही बी हाय. समद्या सरकारी कागदावर हीच बाई असती. बघून बघून डोळ्याला सवय झाली. मी तिच्याकडं बघितलंच न्हाई."

गाड्या निघायला नऊ दिवस होते. त्यांनी पिशवीच्या तळातून पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट काढला आणि साडीवर चढवला. डोक्याला फडकं आवळून बांधलं. उसाची पाती हात कापतात म्हणून तोडीच्या बायका असे शर्ट घालतात, हे मी दर वर्षी रस्त्याने जाणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये बघत आलो होतो. मंदाताई माझ्या फायलींच्या कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काढ." त्या दिवसापासून मी सर राहिलो नाही.

मी बऱ्याच वर्षांनी कागदावर पेन्सिलने चित्र काढत होतो. त्या चार तास उभ्या होत्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. मी सुचवलं की हातात कोयता दाखवूया. त्यांनी माझ्याकडे कीव येऊन बघितलं आणि दवाखान्यात कोयता घेऊन कोण जातं असं विचारलं. एक हात पोटावर ठेवला, दुसऱ्या हातात कार्ड धरलं. चेहरा आपला नको, असं त्यांनी बजावलं होतं, तरी तो त्यांच्यासारखाच होत गेला. मी तीनदा खोडला आणि मग तसाच ठेवला. संध्याकाळी त्या चित्राजवळ आल्या, मग दारापर्यंत मागे गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "चालंल." त्या तिनांपैकी एक ते.

गाड्या निघायच्या आदल्या दिवशी कार्डं प्रेसमधून आली. वाटताना फोटो काढावेत म्हणून मी कॅमेरा घेऊन गेलो होतो, पण मंदाताईंनी माझ्या दोन्ही हातांत कार्डांचे गठ्ठे दिले आणि चालायला लावलं. त्या प्रत्येकीला कार्ड देऊन तिच्याकडूनच वदवून घेत होत्या, हे काय आहे, कधी दाखवायचं, कुठे ठेवायचं. मुकादम उशीर होतोय म्हणून करवादत होता, त्याच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. कांताला त्यांनी कार्ड शेवटी दिलं. तिने चित्राकडे बघितलं, मग आत्याकडे, आणि ते ब्लाउजात ठेवून गाडीत चढली.

मग दोन महिने मंदाताई एकाही डिझाइनवर धड बोलल्या नाहीत. कागद पुढे केला तर बघतो म्हणायच्या आणि मोबाईल तपासायच्या. पौषात एका दुपारी त्यांचा मला फोन आला. कांता तिकडच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. मी काही विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

चैत्रात टोळ्या परतल्या. तोवर मी एका डिझाइन स्पर्धेचा अर्ज भरून ठेवला होता. त्यांना प्रत्यक्ष वापरलेला नमुना हवा होता, म्हणजे कांताचं कार्ड. मंदाताईंना मी हे सांगितलं नाही, नुसतं बाळ बघायला येतो म्हणालो. बरोबर एक झबलं आणि बदली द्यायला नवंकोरं, लॅमिनेशन केलेलं कार्ड घेतलं. मंदाताई त्या हिवाळ्यापासून अंगाने फार उतरल्या होत्या, चालताना दोनदा थांबल्या. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. माझी त्यांची भेट झाली ती ही शेवटचीच.

कांताने पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून कार्ड. उसाच्या रसाने त्याचा रंग गेला होता, घडीवर ते फाटलं होतं, कार्डाच्या काठाला मी निवडून निवडून घेतलेलं हिरवं मातकट झालं होतं. मी नवीन कार्ड पुढे करून जुनं मागितलं. स्पर्धेचंही सांगून टाकलं. मोठ्या लोकांपुढे लागेल, नाव होईल असं काहीतरी बोललो.

"न्हाई," कांता म्हणाली. "पोरीचा कागद हाय त्यो." आणि तिने माझ्या हातात न देता ते आत्याच्या हातात दिलं.

मंदाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर बाळ, हातात कार्ड. खालच्या चौकटीत तिकडच्या कुण्या नर्सने निळ्या पेनाने भरलं होतं. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता, चौकटीतलं अक्षर मोठं होतं, उजेडही भरपूर होता. तरी त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं.

"वाच."

मी वाचलं. मुलगी. वजन दोन किलो सहाशे. आई व बाळ सुखरूप.

"परत वाच," मंदाताई म्हणाल्या.

मी परत वाचलं. मी संपवलं तरी त्यांनी कार्ड बाजूला घेतलं नाही, ते माझ्यासमोर तसंच धरून ठेवलं. मग मी तिसऱ्यांदा, सावकाश, पहिल्या शब्दापासून वाचायला लागलो.